लिहिणं एकट्याचं, ऐकवणं चारचौघांतलं

पटकथेच्या धंद्यात दोन कामे असतात : लिहिणे आणि ऐकवणे. कादंबरीकार हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवून घरी वाट पाहू शकतो. पटकथाकाराला निर्मात्यासमोर, दिग्दर्शकासमोर, पुष्कळदा नटासमोर बसून सगळी गोष्ट तोंडाने सांगावी लागते. मराठी आणि हिंदी चित्रसृष्टीत याला 'नरेशन' म्हणतात. बाइंड केलेली जाड पटकथा शेवटपर्यंत वाचणारे थोडे. नरेशन ऐकून हो-नाही ठरवणारे अधिक. ज्याला एकांतात सुचते आणि चारचौघांत बोलून शीण येतो, अशा अंतर्मुख माणसाची उमेद बहुधा या दुसऱ्या कामाच्या धास्तीने खचते. धास्ती इतकी आधीपासून मनात असते की पहिले कामही अर्धवट राहते.

अंतर्मुखता हा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी मांडणी केली, ती मनाची ओढ आतल्या जगाकडे आहे की बाहेरच्या, यावरून. लाजाळूपणा ही वेगळी गोष्ट. लाजाळू माणसाला लोक आपल्याविषयी काय म्हणतील याची भीती असते. अंतर्मुख माणसाला भीती असेलच असे नाही, पण गर्दीत फार वेळ काढल्यावर त्याला एकटे राहावेसे वाटते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, मात्र त्यांवरचे उपाय निराळे आहेत. भीती सरावाने कमी होते. शीण मात्र वेळेची आखणी करूनच आटोक्यात ठेवावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या होतकरू पटकथाकाराला हा प्रश्न अधिक टोचतो, कारण इथे चित्रपट परका नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली कोल्हापुरातून आला. 'प्रभात फिल्म कंपनी'ची स्थापना १९२९ मध्ये इथलीच. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. पुढे धंद्याचे केंद्र मुंबईकडे सरकले. उदाहरणादाखल हातकणंगले तालुक्यातले पेठ वडगाव घ्या : बाजारपेठेचे, सरसेनापती धनाजी जाधवांच्या समाधीचे गाव. कोल्हापूर इथून वीस-पंचवीस किलोमीटर, मुंबई साडेतीनशेच्या पुढे. इथे बसून लिहिणाऱ्याला सामग्रीची उणीव नाही. ऊस, वारणेचा सहकार, जनावरांचा बाजार, इचलकरंजीचे माग, सगळे हाताशी आहे. निर्माता मात्र हाताशी नाही.

पुढील संवादातले दोघे या गावातल्या दोन मतांचे प्रतिनिधी आहेत. मामांनी उमेदीची वर्षे कोल्हापुरात चित्रीकरणाच्या व्यवस्थेत काढली. भाचा दिवसा दुकानाचे हिशेब पाहतो आणि रात्री लिहितो. माणसांत मिसळल्याशिवाय लेखक टिकत नाही, असे मामांचे म्हणणे. माणसांत मिसळत राहिलो तर लिहिणे टिकणार नाही, असे भाच्याचे.

मामा : तुझी ती पटकथा कुठवर आली?

भाचा : मध्यंतरापर्यंत. पण पहिला भाग परत लिहायला घेतलाय. नीट बसत नव्हता.

मामा : मागच्या दिवाळीतही मध्यंतरापर्यंतच होती की. कुणी वाचलीय का?

भाचा : पुरी झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही, मामा. अर्धं दाखवलं की लोक काहीबाही सुचवतात, आणि मग मला माझीच गोष्ट दिसेनाशी होते.

मामा : आणि कुणीच वाचणार नाही म्हटल्यावर पुरी करायची घाई तरी कशाला, असं होत नाही?

मामांचा प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे. पहिला अर्धा भाग पुन्हा पुन्हा घासत बसणे हा एकट्या लेखकाचा नेहमीचा सापळा. पहिल्या अर्ध्यात पात्रे ओळख करून देतात, वातावरण उभे राहते. ते लिहिताना सुख असते. उत्तरार्धात निर्णय घ्यावे लागतात : कोण हरणार, कोणाचे खरे ठरणार, शेवट काय. तिथे अडले की लेखक मागे वळतो आणि सुधारणा करतो आहोत अशी स्वतःची समजूत घालतो. हे आळसाने होत नाही. शेवट लिहिला की पटकथा दाखवावी लागेल, हे त्याला आतून ठाऊक असते.

भाचा : तुम्ही म्हणता तसं बाहेर पडून कोण मोठं झालं, सांगा.

मामा : ग. दि. माडगूळकरच घे. आटपाडीकडचा मुलगा कोल्हापुरात आला. 'हंस पिक्चर्स'च्या 'ब्रह्मचारी'त, १९३८ साली, बारकंसं काम केलं. वि. स. खांडेकरांकडे लेखनिक म्हणून राहिला. गाणी लिहिली. शांतारामबापूंच्या 'रामजोशी'पर्यंत यायला १९४७ उजाडलं. नऊ वर्षं तो माणसांत होता, स्टुडिओत होता. घरात बसून गदिमा झाले नाहीत.

भाचा : लेखनिक म्हणजे काय हो? दुसरा सांगतोय आणि आपण गप्प बसून उतरवतोय. याच्याहून शांत काम कुठलं? तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. आणि खांडेकर स्वतः कुठं होते? शिरोड्याला, शाळेत. १९२० पासून तिथं मास्तर. मास्टर विनायकांच्या 'छाया'ची कथा त्यांनी लिहिली तेव्हा ते स्टुडिओत चकरा मारत नव्हते. नारायण हरी आपटे कोरेगावात राहिले. 'सावकारी पाश', 'अमृतमंथन', 'कुंकू', तिन्हींच्या मुळाशी तेच आहेत. सिनेमा त्यांच्या दारात आला.

भाच्याची उदाहरणे बिनतोड आहेत आणि तरीही त्याला पुरेशी नाहीत. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, 'कुंकू' १९३७ चा. 'कुंकू' आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून झाला. 'छाया' १९३६ चा. आपटे आणि खांडेकर दोघेही चित्रपटापर्यंत आले ते छापलेल्या शब्दाच्या वाटेने. त्यांच्या कादंबऱ्या आणि कथा आधीच घराघरांत वाचल्या जात होत्या. दिग्दर्शकाला त्यांना गर्दीत शोधावे लागले नाही, कारण पुस्तक त्यांच्या वतीने बोलून गेले होते. अंतर्मुख लेखकाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत खात्रीची वाट आहे : स्वतः न बोलता, बोलू शकेल अशी वस्तू बाहेर पाठवणे. पण वस्तू बाहेर पाठवावी लागते.

मामा : तेच म्हणतोय मी. त्यांचं लिखाण बाजारात होतं, तुझं कपाटात आहे.

भाचा : पटकथा छापत कोण नाही, मामा. कथा पाठवता येते दिवाळी अंकाला. पटकथा कुठं पाठवू?

मामा : मग आधी कथा लिही तीच. गोष्ट छापून आली की तुझं नाव, तारीख, सगळं कागदावर येतं. पुढं पटकथा त्याच गोष्टीची.

भाचा : आणि कुणी उचलली तर?

उचलली जाण्याची भीती नव्या लेखकांमध्ये सार्वत्रिक आहे, आणि न दाखवण्याला ती एक सभ्य सबब पुरवते. म्हणून कायद्याची बाजू माहीत हवी. कल्पनेवर कुणाचीच मालकी नसते. ती ज्या रीतीने मांडली गेली त्या मांडणीवर असते. नाटककार आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट उचलल्याचा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो फेटाळला. विषय सारखा असला तरी मांडणीची नक्कल झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाचा होतकरू लेखकाने घ्यावयाचा अर्थ साधा आहे. डोक्यातली किंवा गप्पांत सांगितलेली कल्पना राखता येत नाही; प्रसंगवार, संवादांसह लिहून पुरी केलेली पटकथा राखता येते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सदस्याला ती ऑनलाइन नोंदवता येते, त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. नोंदणीने मालकी निर्माण होत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर या लेखकाकडे होता याचा पुरावा राहतो. म्हणजे चोरीच्या भीतीवरचाही उपाय पुन्हा तोच : पुरी करणे.

मामा : आता आपल्याच तालुक्यातलं सांगतो. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील. 'एक गाव बारा भानगडी' त्यांचा, 'पिंजरा'चं लेखन त्यांचं. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आणि ते, तिघांनी कथाकथनानं गावंच्या गावं हसवली. नांदेडला १९८५ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हजारो माणसांपुढं उभं राहायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं.

भाचा : म्हणूनच ते माझ्या कामाचं उदाहरण नाही. मला लग्नात चार पाहुण्यांशी बोलायचं तरी पोटात गोळा येतो.

मामा : पाहुण्यांशी बोलताना पुढं काय बोलायचं ते तुला ठाऊक नसतं. कथाकथनात सगळं ठाऊक असतं. गोष्ट लिहिलेली, घोटलेली, कुठं थांबायचं ते ठरलेलं. तू शाळेत वक्तृत्वात भाषण पाठ करून म्हणायचास, तेव्हा पोटात गोळा यायचा?

भाचा : सुरुवातीला. मग नाही यायचा.

मामांनी इथे एक महत्त्वाचा भेद दाखवला. अनोळखी माणसाशी ऐनवेळच्या गप्पा मारणे आणि तयार मजकूर सादर करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. अंतर्मुख माणसाला पहिले जड जाते. दुसरे तो पुष्कळदा बोलघेवड्या माणसाहून चांगले करतो, कारण तो तयारी करतो. नरेशन दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यात निर्मात्याला रिझवायचे नसते, त्याला चित्रपट दाखवायचा असतो. म्हणून त्याचीही संहिता लिहिता येते : दोन वाक्यांत गोष्ट, दहा मिनिटांत गोष्ट आणि पूर्ण गोष्ट अशा तीन लांबींत. दहा मिनिटांची आवृत्ती फोनवर स्वतःच्या आवाजात मुद्रित करून ऐकली की दोन गोष्टी घडतात. आवाजाची भीती ओसरते, आणि पटकथा कुठे रेंगाळते ते कानाला कळते. ऐकताना स्वतः लेखकाचेच लक्ष जिथे उडते, तो प्रसंग कागदावरही कच्चा असतो. नरेशनची तयारी हा लेखनाचाच एक टप्पा ठरतो. हे समजले की ऐकवण्याच्या कामाविषयीची अढी बरीच सैल होते.

भाचा : समजा ऐकवलं. पुढं काय? माझा मित्र पुण्याला जाऊन ऐकवून आला. 'कळवतो' म्हणाले. कळवलं काही नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.

मामा : या धंद्यात 'नाही' कुणी म्हणत नाही. मी इतकी वर्षं बघितलं. गप्प बसणं हेच 'नाही'.

भाचा : मग त्या गप्प बसण्यावर उमेद टिकवायची कशी?

या प्रश्नाला मामांकडे पटकन उत्तर नाही, आणि खरे तर कोणाकडेच ते सोपे नाही. प्रेरणेचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाला कामात टिकवणाऱ्या तीन गरजा सांगितल्या : काम आपल्या मर्जीने करतो आहोत ही जाणीव, आपल्याला ते अधिकाधिक जमते आहे ही जाणीव, आणि कुणाशी तरी जोडलेले असणे. वडगावात रात्री लिहिणाऱ्या माणसाकडे पहिली भरपूर असते. त्याला लिहायला कुणी भाग पाडलेले नाही. दुसरी आणि तिसरी त्याला मिळत नाही, कारण दोन्ही तो मुंबईच्या होकारावर सोपवून बसतो. होकार क्वचित येतो, उशिरा येतो, आणि आला तरी त्यातून जमते आहे की नाही हे नीट कळत नाही. म्हणून या दोन गरजा गावातल्या गावातच भागवायला हव्यात.

जमते आहे हे कळण्याचा मार्ग कामाच्या पोटातच आहे. धंद्यात 'वनलाइन' नावाचा कागद असतो, प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. आवडता चित्रपट थांबवत थांबवत पाहून त्याची वनलाइन काढली की कथेची हाडे दिसतात : कोणता प्रसंग माहिती देतो, कोणता निर्णय घडवतो, कोणता गाळला तर काहीच बिघडत नाही. 'पिंजरा', 'सामना', 'वळू', 'फँड्री' यांच्या अशा वनलाइन काढणारा लेखक कोणत्याही कार्यशाळेत न जाता पुष्कळ शिकतो. मग स्वतःच्या पटकथेची वनलाइन, आणि संवाद त्यानंतर. पटकथेचे एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालते असा ढोबळ हिशेब आहे. दोन तासांचा चित्रपट म्हणजे शंभर-सव्वाशे पाने. रोज एक पान नेमाने लिहिणाऱ्याचा पहिला खर्डा चार-पाच महिन्यांत हातावेगळा होतो. हा हिशेब उमेद टिकवण्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण त्यात दुसऱ्या कुणाच्या होकाराची गरज नाही.

मामा : आणि जोडलेलं असणं? ते तर तुला नकोच असतं.

भाचा : नको असं नाही. दहा जण नको. एक चालेल.

मामा : एकच?

भाचा : एकच. पण पटकथा वाचून खरं सांगणारा. आणि दर महिन्याला विचारणारा, की पुढची पानं कुठायत म्हणून.

भाच्याने सांगितलेला हा आकडा अंतर्मुख लेखकाच्या बाबतीत अचूक म्हणावा लागेल. खांडेकरांना मास्टर विनायक होते, माडगूळकरांना आधी खांडेकर आणि पुढे शांताराम व राजा परांजपे. त्यांच्या वाट्याला मोजकीच माणसे आली. पण जी आली ती काम मागणारी होती. ओळखी वाढवण्याचा उपदेश नव्या लेखकाला सगळीकडून मिळतो, आणि अंतर्मुख लेखक तो ऐकून स्वतःला नालायक ठरवतो. त्याला शंभर ओळखींची गरजच नाही. एक वाचक आणि एक दिग्दर्शक, तोही शक्यतो त्याच्याच वयाचा, लघुपट करू पाहणारा, एवढे पुरते. लघुपटाची दहा पाने चित्रित होताना पाहिली की लिहिलेल्यापैकी किती पडद्यावर आले आणि किती विरून गेले हे डोळ्यांना दिसते. त्यासाठी मुंबई लागत नाही. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात 'तुझ्यात जीव रंगला'सारखी मालिका वर्षानुवर्षे चित्रित झाली आहे.

मालिकांचा उल्लेख आला म्हणून एक व्यावहारिक बाब. मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद ही कामे बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात, आणि संवादलेखक घरी बसून लिहून पाठवू शकतो. काम दमछाक करणारे, कारण भाग रोज हवा असतो. पण मुदतीची शिस्त, पात्रानुसार बोली बदलण्याचा सराव आणि मानधन तिन्ही त्यात मिळतात. घरी बसून लिहू इच्छिणाऱ्याने या कामाकडे कमी प्रतीचे म्हणून पाहू नये.

मामा : स्पर्धेला पाठव की. तिथं तर बोलावंही लागत नाही.

भाचा : पाठवतो. 'लापता लेडीज'ची मूळ पटकथा तशीच वर आली. बिप्लब गोस्वामींची. 'सिनेस्तान'च्या पटकथा-स्पर्धेत पहिली नव्हती आली, तरी आमिर खानच्या नजरेत भरली.

मामा : मग झालं तर.

भाचा : झालं कुठं? पुढं पटकथा आणि संवाद स्नेहा देसाईंनी लिहिले, वाढीव संवाद दिव्यनिधी शर्मांनी. गोष्ट गोस्वामींचीच राहिली, पण तिच्यावर आणखी हात फिरले.

मामा : ते होणारच. सिनेमा एकट्याचा नसतो.

'लापता लेडीज' भारतीय चित्रपटगृहांत मार्च २०२४ मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. बंद पाकिटातून गेलेली पटकथा इतक्या दूर पोहोचू शकते, ही अंतर्मुख लेखकासाठी आनंदाची बाब. पण याच उदाहरणात दुसरी गोष्टही आहे. आपले लिहिलेले दुसऱ्याने बदलणे हा पटकथाकाराच्या कामाचाच भाग आहे, आणि एकांतप्रिय लेखकाला नरेशनपेक्षाही हे अधिक लागते. वर्षभर मनात जपलेला प्रसंग बैठकीत एका वाक्यात उडतो. ज्याला हे सोसणे अशक्य वाटते त्याने कथा-कादंबरीकडे वळावे. त्यात पराभव काहीच नाही. ज्याला चित्रपटच हवा आहे त्याने पहिला खर्डा एकट्याने लिहावा आणि दुसऱ्या खर्ड्यापासून एक माणूस सोबत घ्यावा.

भाच्याच्या बाजूने शेवटी एक गोष्ट नोंदवणे न्याय्य होईल. वडगावच्या बाजारात जो माणूस बोलत नाही तो ऐकत असतो. जनावराची किंमत ठरताना दोन शेतकरी काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हे त्याच्या वहीत येते. संवादाचा कस तिथेच लागतो. मामांच्या बाजूने नोंदवायचे ते हे, की शिरोड्याचे खांडेकर मास्तरही १९३८ मध्ये कोल्हापूरला राहायला आले, आणि 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' हे त्यांचे चित्रपट त्या आणि त्यानंतरच्या वर्षांतले. शांत माणसालाही कामाच्या जवळ जावे लागले. मात्र आपला स्वभाव बदलावा लागला नाही.

मामा : मग कधी देतोस वाचायला?

भाचा : तुम्हाला?

मामा : मलाच. वाचून खरं सांगेन. आणि दर महिन्याला विचारीन, चालेल?

भाचा : या महिन्यात उत्तरार्धाची वनलाइन देतो, मामा. संवाद नंतर.

हा करार सगळ्यांच्याच घरी होत नाही. प्रत्येकाला चित्रीकरण पाहिलेला मामा नसतो. तिथे गावातल्या संस्था उपयोगी पडू शकतात. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, आणि तालुक्या-तालुक्यांत सार्वजनिक वाचनालये आहेत. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी तालमी करणाऱ्या हौशी नटांचे संघ जिल्ह्यात आहेत. वाचनालय आणि नटांचा संघ यांनी मिळून महिन्यातून एक संध्याकाळ नव्या पटकथेच्या वाचनासाठी राखून ठेवावी. वाचन नटांनी करावे, लेखकाने मागच्या रांगेत बसून ऐकावे, आणि श्रोत्यांनी आपले मत कागदावर लिहून द्यावे. जागा आहे, वाचणारे आवाज आहेत, लिहिणारेही आहेत. पेठ वडगावच्या एखाद्या वाचनालयाने पुढाकार घेऊन पहिली संध्याकाळ जाहीर करावी.